आरशाकडे पाठ करून

रफूवाली : मग हा हात कोणाचा, ते सांगा.

टेलर : कसला हात?

रफूवाली : वेड पांघरून पेडगावला जाऊ नका. हा. तुमच्या जाकिटाच्या कोपरावर. उन्हाळ्यापूर्वी इथे चांगलं अंगठा जाईल एवढं भोक होतं. मी म्हटलं होतं, ठेवा, सवडीनं करते. परवा थंडीचे कपडे बाहेर काढले, तर भोक गायब.

टेलर : तूच केलं असशील. विसरली असशील.

रफूवाली : विसरले असते तर बरं झालं असतं. जरा उजेडात धरा. टाका दिसतो का कुठे?

टेलर : नाही दिसत.

रफूवाली : धागा त्याच जाकिटाच्या आतल्या दुमडीतून काढलाय. विणीत वीण घातलीय, कुठे म्हणून ताण नाही. आणि शेवटी गाठ मारलेली नाही, धागा उलटा फिरवून आतल्या आत जिरवलाय. असं कोण करतं?

टेलर : करत असेल कोणी बाजारात.

रफूवाली : बाजारात गाठ मारतात. ही माझी लकब आहे हो. मला कोणी शिकवलेली नाही, माझी मी काढलेली. हा माझाच हात आहे. पण आजचा नाही. आजचा माझा टाका आखूड पडतो, दहादा सुई थांबवावी लागते. हा गोळ्या सुरू व्हायच्या आधीचा हात आहे.

टेलर : अगं, तू पण ना…

रफूवाली : नवऱ्याच्या शर्टावर दुसरीची लिपस्टिक सापडली तर बाईला रीतसर भांडता तरी येतं. मला सापडला माझाच हात! मी भांडायचं कोणाशी?

टेलर : हळू. बाहेर गिऱ्हाईक असेल.

रफूवाली : शटर अर्धं खाली ओढलंय. जेवणाची वेळ आहे, कोणी येत नाही. दोन दिवस तोंडातून अक्षर काढलं नाही मी. आता तुम्ही बोला.

टेलर : तुझा विश्वास बसायचा नाही.

रफूवाली : बसवून तर बघा.

टेलर : ट्रायल रूम.

रफूवाली : काय ट्रायल रूम?

टेलर : आत जायचं, आरशाकडे पाठ करायची आणि पडदा ओढून घ्यायचा. मग पडदा सारला की समोर दुकान नसतं. आपली जुनी खोली असते. हीच जागा, आपण इथे राहायचो तेव्हाची. बारा वर्षांपूर्वीची. शिलाई मशीनच्या जागी खाट, काउंटरच्या जागी शेगडी.

रफूवाली : हे मी बोलले असते, तर एव्हाना तुम्ही डॉक्टरांना फोन लावला असता.

टेलर : लावला असता. म्हणूनच तर सांगितलं नाही.

रफूवाली : अहो, दिवसभर गिऱ्हाइकं जातात त्या खोलीत. जातात तशीच बाहेर येतात.

टेलर : गिऱ्हाईक कधी आरशाकडे पाठ करतं का?

रफूवाली : हं. तेही खरंच. तुम्ही कशाला केलीत?

टेलर : पडद्याची कडी निसटली होती. ती बसवली, ओढून बघितली. आणि पलीकडून तू हसलीस.

रफूवाली : मी तर इथे काजं करत बसले असेन.

टेलर : तू नाही. म्हणजे तूच. पण ती.

रफूवाली : कधीपासून चाललंय हे?

टेलर : उन्हाळ्यापासून.

रफूवाली : म्हणजे तिकडेही उन्हाळा. बारा वर्षांपूर्वीचा. माझ्या आजाराच्या पहिल्या चढाचा. वा! नेमका तोच गाठलात.

टेलर : मी निवडला नाही गं. पडदा एकाच ठिकाणी उघडतो. इकडे एक दिवस पुढे गेला की तिकडेही एकच दिवस.

रफूवाली : आणि तुम्ही रोज उघडता. ‘जरा बटणं बघून येतो.’ ‘जरा अस्तर बघून येतो.’ मी आपली मनात म्हणते, एवढी बटणं लावतोय कोण! आणि हे जाकीट?

टेलर : तिनेच मागितलं. म्हणाली, माझे हात शिवशिवतायत, आळीत फाटकं असं काही उरलंच नाही, तुझ्याकडचं काहीतरी आण.

रफूवाली : तुझ्याकडचं? तुम्हाला ती तू म्हणते?

टेलर : त्या दिवसांत तू सगळ्यांनाच अरेतुरे करायचीस. घरमालकालासुद्धा. मला बघून काय म्हणाली माहीत आहे? ‘अरे, म्हातारा होऊन आलास? बरं केलंस. तरुण असतोस तेव्हा फार घाईत असतोस.’

रफूवाली : आणि तुम्हाला ते आवडलं.

टेलर : आता आवडलं म्हणजे…

रफूवाली : आवडलं. कान लाल झालेत तुमचे. कशी दिसते?

टेलर : कशी दिसणार? तुझ्यासारखीच.

रफूवाली : बारीक?

टेलर : आहे जराशी.

रफूवाली : जराशी! गोळ्यांनी मी किती सुटले, ते मला माहीत आहे. माझं माप तुम्हीच घेता. हसते फार?

टेलर : हसायची.

रफूवाली : मला ऐकूनच माहीत. त्या सगळ्या दिवसांतलं मला काही आठवत नाही. थोडं आजाराने पुसलं, उरलंसुरलं उपचारांनी. मला ते वन्सं सांगतात. लग्नातल्या भारी कपड्यांचे मी पडदे शिवले म्हणे, आणि जिन्यातल्या सगळ्या खिडक्यांना लावले. पोस्टमनला उभं करून अंगावरचा शर्ट उतरवून घेतला, का, तर खिसा उसवला होता. सांगताना वन्संच्या डोळ्यांत हसून हसून पाणी येतं. वर म्हणतात, ‘काय मजेदार होतीस गं तू!’ होतीस!

टेलर : पोस्टमनचं अगदी खरं आहे. मी तेव्हा पडद्यापलीकडे तिथेच होतो. बिचारा बनियनवर पत्रं वाटत गेला.

रफूवाली : बघा! आयुष्य माझं आणि बघून आलात तुम्ही. मला माझ्याच घरात मज्जाव, आणि तुम्ही आत पाय पसरून बसलेले.

टेलर : तसं काही नव्हतं.

रफूवाली : तसंच होतं. मला जळायला होतंय, सरळ सांगते. दुसरी कोणी असती तर तिच्या झिंज्या तरी उपटल्या असत्या. इथे त्याही माझ्याच. मी काय कमी केलं हो? वेळेवर गोळी, वेळेवर झोप, न चुकता रक्ततपासणी. डॉक्टरांनी बायपोलर म्हटलं, मी रडत बसले नाही. म्हटलं, ठीक आहे, नाव कळलं, आता याच्याशी नांदायचं. चढ आला की कळतो मला, उतार लागायच्या आधी मी स्वतः जाऊन सांगते. एवढी सरळ झाले मी, त्याचं हे बक्षीस? डोकं ठिकाणावर नव्हतं तेव्हा हवीशी, आणि ठिकाणावर आलं तर तुम्ही बटणं आणायला जाता!

टेलर : असं बोलू नको.

रफूवाली : मग ऐका. परवापासून मी गोळ्या घेतलेल्या नाहीत.

टेलर : काय?

रफूवाली : म्हटलं, होऊ दे माझाही हात स्थिर. येऊ दे तोच चढ. मग घरच्या घरी भेटेल तुम्हाला ती. पडदा ओढायला नको की आरशाला पाठ दाखवायला नको.

टेलर : डबी कुठे आहे? आत्ताच्या आत्ता घे. तुला कळतंय का काय करतेस?

रफूवाली : तुमच्यापेक्षा जास्त कळतंय. आधी तिच्याकडे जाणं बंद. मग डबी.

टेलर : ते आत्ता नाही व्हायचं.

रफूवाली : नाही व्हायचं?

टेलर : अगं, तू समजतेस तसं तिथे काही उरलेलं नाही. हसणारी होती, उन्हाळाभर होती. तिच्यासाठी जात होतो, नाही म्हणत नाही. पण पुढे ती उतरत गेली. आता भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. केस विंचरणं नाही, आंघोळ नाही, तोंडात घास नाही. तिकडचा मी सकाळी कारखान्यात जातो तो दिवे लागल्यावर येतो. तोवर ती एकटी. मी जातो, दोन घोट पाणी पाजतो, हात धरून बसतो.

रफूवाली : हात धरून.

टेलर : हो.

रफूवाली : आणि मी एवढा वेळ हसणारीवर जळत होते. आता पडून राहणारीवरही जळू? बोलत नाही, बघत नाही, तरी जाता कशाला?

टेलर : कारण तिला मी लागतो.

रफूवाली : आणि मला?

टेलर : तुला? तुझं सगळं तू बघतेस. तू आणि तुझी डबी. माझ्याआधी उठतेस, पाण्याची बाटली भरतेस, डॉक्टरांकडे एकटी जाऊन येतेस. मी येतो म्हटलं तर म्हणतेस, दुकान बंद ठेवायला नको. त्यांच्याशी तासभर बोलतेस. मी विचारलं तर काय सांगतेस? ‘बरं आहे.’ दोन शब्द. रोज तेच दोन.

रफूवाली : तुम्हाला डॉक्टरांचा हेवा वाटतो?

टेलर : डॉक्टरांचा वाटतो, डबीचा वाटतो. खोटं कशाला बोलू, त्या पाण्याच्या बाटलीचासुद्धा वाटतो. ती तरी दिवसभर तुझ्या हातात असते.

रफूवाली : बाटलीचा!

टेलर : हसू नको.

रफूवाली : हसत नाही. संताप होतोय माझा. माझा हात शेवटचा कधी धरलात? ‘गोळी घेतलीस का’ याच्यापलीकडे काही विचारलंत का मला या वर्षात? मी बरी राहिले तर माझ्याजवळ बसायचं नाही, असं ठरलंय का आपलं?

टेलर : मला वाटलं तुला नको असतं.

रफूवाली : सरका.

टेलर : कुठे निघालीस?

रफूवाली : तिला बघायला. माझं मी बघते ना सगळं? मग हेही बघते.

टेलर : अगं, तिला काही बोलू नको. तिला सोसायचं नाही.

रफूवाली : स्टूल बाजूला घ्या. पाठ आरशाकडे, म्हणालात ना?

(ट्रायल रूमचा पडदा आतून ओढला जातो. पलीकडे तीच जागा, बारा वर्षांपूर्वीची दुपार. खाटेवर भिंतीकडे तोंड करून धाकटी पडली आहे. म्हणजे रफूवालीच, तेव्हाची.)

धाकटी : आज लवकर आलास.

रफूवाली : ते नाहीत. मी आहे.

धाकटी : कोण?

रफूवाली : वळून बघ, कळेल.

धाकटी : वळायचं म्हणजे फार आहे.

रफूवाली : तुला चांगली फैलावर घ्यायची, असं ठरवून आलेय मी.

धाकटी : घे.

रफूवाली : दुसऱ्याच्या नवऱ्याला दुपारदुपार अडकवून ठेवतेस. लाज नाही वाटत?

धाकटी : वाटते. सगळ्याचीच वाटते.

रफूवाली : मला तसं नव्हतं म्हणायचं.

धाकटी : पडदे काढलेत का जिन्यातले?

रफूवाली : मला काय माहीत? काढले असतील. त्यांचं काय एवढं?

धाकटी : लोक बघत असतील. मी लावले ते. थांब, वळते. अगं बाई. मी आहे का ही?

रफूवाली : हो. सुटलेय ना?

धाकटी : केस विंचरलेस तू.

रफूवाली : काय?

धाकटी : भांग काढलायस. सरळ. कोणी काढून दिला?

रफूवाली : कोण देणार? मीच काढला.

धाकटी : रोज काढतेस?

रफूवाली : रोज. त्यात काय? वर राहतो आपण आता. सकाळी खाली उतरते, इथे आपलं दुकान आहे, ते उघडते.

धाकटी : लोक येतात? तू बोलतेस त्यांच्याशी?

रफूवाली : भांडतेसुद्धा.

धाकटी : मला तुझा राग येतो.

रफूवाली : माझा? तुझ्याकडे सगळं असताना?

धाकटी : माझ्याकडे काय आहे? तू उठतेस. पायांत चप्पल घालतेस. आणि तो तुझ्याकडे परत जातो. इथे बसतो खरा, पण अर्धा कान तिकडे. ‘ती आता जेवली असेल.’ ‘ती आता काजं करत असेल.’ पाणी पाजताना तुझंच कौतुक. मला ऐकवत नाही. कूस वळवायची म्हणते, तीही वळवत नाही.

रफूवाली : माझं कौतुक? काय बोलतात?

धाकटी : किती खमकी आहे म्हणतो. हात कापतो तरी सुईत दोरा स्वतः ओवते, मला हात लावू देत नाही म्हणतो. तिच्यापुढे मी कच्चा पडतो म्हणतो.

रफूवाली : मला कधी एका शब्दाने नाही म्हणाले.

धाकटी : मग मला कशाला सांगतो? मी काय करू त्याचं?

रफूवाली : काय बाई तरी माणूस!

धाकटी : हात दाखव.

रफूवाली : हा.

धाकटी : थरथरतो.

रफूवाली : गोळीने. तो रफू बघून माझ्या पोटात आग पडली. तुझ्यासारखा हात आता माझा नाही.

धाकटी : माझा बघ. अजिबात थरथरत नाही. ठेवला तिथेच राहतो. सकाळी कारखान्यात जाताना तो इथे ठेवून गेला, अजून इथेच आहे. उचलवत नाही मला.

रफूवाली : अगं…

धाकटी : बदलून घेतेस?

रफूवाली : नाही.

धाकटी : वाटलंच.

रफूवाली : परवापासून गोळी घेतली नाही मी. तुझ्यासारखी व्हायला.

धाकटी : माझ्यासारखी? कशाला गं?

रफूवाली : ते तुझ्याकडे येतात म्हणून.

धाकटी : वेडी आहेस का? मला हसू यायला हवं होतं. येत नाहीये.

रफूवाली : येईल. तेही येईल, फक्त थोडं बेताचं. खिडकी उघडू?

धाकटी : थोडी.

रफूवाली : बोटभर. माहीत आहे मला.

धाकटी : तो सताड उघडतो. चांगल्या मनाने उघडतो. उजेड टोचतो डोळ्यांत. आणि समोर बसून विचारतो, कसं वाटतंय, कसं वाटतंय.

रफूवाली : मलाही तेच विचारतात.

धाकटी : तू काय सांगतेस?

रफूवाली : बरं आहे म्हणते.

धाकटी : मीही तेच म्हणते. गप्प बसतो मग.

रफूवाली : हे संपेल का, असं विचारणार नाहीस मला?

धाकटी : तू चालत आलीस ना? तेवढं पुरे.

रफूवाली : सरक जरा. पाठ टेकते.

धाकटी : बोलू नको पण.

रफूवाली : नाही बोलत.

धाकटी : उद्या येशील?

रफूवाली : ते आलेले नकोत?

धाकटी : तू ये. तुला काही सांगावं लागत नाही.

(पडदा सारून रफूवाली पुन्हा दुकानात येते.)

टेलर : आलीस? किती वेळ लावलास! इकडे माझा जीव टांगणीला. दोन गिऱ्हाइकं परत पाठवली, ट्रायल रूममध्ये माणूस आहे म्हणून. भांडलीस का तिच्याशी?

रफूवाली : भांडायला समोरच्याने उठून बसावं लागतं.

टेलर : काय म्हणाली?

रफूवाली : खिडकी सताड उघडता म्हणून वैतागलीय.

टेलर : आं? मला वाटलं, उजेडाने जरा बरं वाटेल.

रफूवाली : आणि माझं कौतुक तिच्यापाशी करत जाऊ नका. ते इकडे करायचं असतं. अहो, माप एकीचं आणि कपडा शिवता दुसरीला!

टेलर : इकडे तू ऐकून कुठे घेतेस? कौतुक करायला लागलो की उठून चहाचे कप विसळायला जातेस.

रफूवाली : जाते खरी. लाज वाटते. पण आता घेईन ऐकून. सावकाश सुरुवात करा, एकदम डोक्यावर ओतू नका. ती काउंटरखालची डबी द्या इकडे.

टेलर : ही घे. आणि हे पाणी. दोन दिवसांच्या एकदम घ्यायच्या नाहीत हं, आजच्याच.

रफूवाली : मला शिकवताय! हं, झाली घेऊन. डॉक्टरांना कळवायला हवं. तुम्ही लावा फोन. पुढच्या वेळी तुम्हीच या बरोबर. राहू दे एक सकाळ दुकान बंद.

टेलर : येतो. पण गोळ्या का चुकल्या विचारलं तर काय सांगू? ट्रायल रूम?

रफूवाली : सांगा, बायको जळत होती. तेवढं कोणालाही कळतं.

टेलर : होती? म्हणजे आता विझलं?

रफूवाली : कुठलं विझतंय! तिच्या कमरेवर जळते. वन्संना हसवायची त्यावर जळते. तुम्ही तिच्याजवळ काढलेल्या एकूण एक दुपारीवर जळते, आणि पुढेही जळेन. पण तिला आत्ता भांडी घासून देईल असं कोणी नाही, आणि केसांत एवढा गुंता आहे की तुमच्याने निघायचा नाही. म्हणून तिच्याकडे उद्यापासून मी जाणार. तुम्ही नाही.

टेलर : रोज?

रफूवाली : ती उठून बसेपर्यंत.

टेलर : आणि मी काय करू?

रफूवाली : माझी वाट बघायची. तिथून परत आले की मला तुम्ही लागणार. आत्ताही लागताय. ती तशी पडलेली बघून आले, ती मीच होते हो. आणि मला ते आठवतही नाही.

टेलर : मला बोलावायचंस ना! बस. बस आधी. कसं वा… नाही, विचारत नाही.

रफूवाली : शहाणे. या, बसा तुम्हीही.

टेलर : हा काय, बसलो.

रफूवाली : समोर नको. इकडे. शेजारी.